वाजीकरण : एका संज्ञेचा अर्थसंकोच

वनौषधींवरील मराठी लेखनात ‘वाजीकरण’ ही संज्ञा बहुधा ‘कामोत्तेजन’ या एकाच अर्थी योजिली जाते. मूळ ग्रंथांतील अर्थ याहून व्यापक आहे. वाजी म्हणजे घोडा. जो तसा नाही त्यास तसा करणे, ही शब्दाची व्युत्पत्ती. परंतु चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वाजीकरणाध्यायात, म्हणजे दुसऱ्या अध्यायात, उत्तेजनाबरोबरच अपत्यप्राप्ती व शरीरपोषण यांनाही महत्त्व आहे. तेथील योगांत दूध, तूप व उडीद पुनःपुन्हा येतात, ते यामुळेच.

‘क्लैब्य’ या विकाराची चर्चा मात्र चरकसंहितेत तिसाव्या अध्यायात निराळी येते. बीजोपघात, ध्वजभंग, जरा व शुक्रक्षय असे त्याचे चार कारणभेद तेथे केले आहेत. सुश्रुतसंहितेतील सहा प्रकारांत तर मानस क्लैब्याचाही समावेश आहे.

आजच्या लेखनात हे सर्व भेद ‘अशक्तपणा’ या एका शब्दात बुडतात, आणि त्यावर ‘शक्तिवर्धक’ हे एकच उत्तर दिले जाते. शब्दातून कारण हरपले की उपचारातूनही ते हरपते.

दुसरा दोष नामालाच प्रमाण मानण्याचा. अश्वगंधेच्या मुळांना घोड्यासारखा वास येतो, असे तिच्या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यावरून घोड्याचे बळ सिद्ध होत नाही. खाजकुइलीच्या बियांतून 1937 साली लेव्होडोपा वेगळे काढण्यात आले व पुढे हे द्रव्य कंपवातावर उपयोगी ठरले. तथापि एका रोगावरील गुण दुसऱ्या रोगावर आपोआप लागू होत नाही. त्यासाठी स्वतंत्र परीक्षण हवे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. लिंगशैथिल्यामागे पुष्कळदा मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असतो. कधी ते हृद्रोगाची पूर्वसूचनाही ठरते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या काही चूर्णांत व गोळ्यांत सिल्डेनाफिलची छुपी भेसळ आढळली आहे. छातीतील कळेसाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते गेल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो.

कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी घातली आहे. परंतु कायदा जाहिरात आवरू शकतो. संज्ञेतील शैथिल्य लेखकांनीच दूर केले पाहिजे. प्राचीनांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्यांच्या वनस्पतींची नावे जशी घेतली, तसा त्यांचा कारणभेदही घ्यावा. ‘कशामुळे’ हा प्रश्न ‘कोणते मूळ’ या प्रश्नाच्या आधी येतो, हे त्या ग्रंथांच्या परिभाषेतच सूचित झाले आहे.