प्रवासाचा पेशा आणि गोडसे भटजींचा हिशेब



आयोजकांनी आज विषय दिला आहे तो असा : ज्यात प्रवास आणि साहस आहे असा पेशा निवडावा का? वाशीमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या हौसेचा नसतो. इथली सोयाबीन-तुरीची शेती बरीचशी पावसावर. घरातलं पोर सैन्यात, ट्रकवर किंवा जहाजावर जायचं म्हणतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जग असतं आणि बापाच्या डोळ्यांसमोर सातबारा. या दोघांनी मिळून वाचावं असं एक मराठी पुस्तक आहे. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. आज त्याच्या आधाराने बोलतो.

हे पुस्तक आपण १८५७ ची हकीकत म्हणून वाचतो, झाशीच्या राणीसाठी वाचतो. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणीची आणि भटजींची गाठ पडते, तेवढा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. पण पुस्तक सुरू कुठून होतं ते बघा. पेणजवळचं वरसई गाव, भिक्षुकाचं घर, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, लाखोंचा दानधर्म होणार, अशी बातमी कोकणात पोचते. तिशीच्या आसपासचा हा माणूस रामभट काकांना बरोबर घेऊन निघतो. म्हणजे मुळात ही पोटासाठी घर सोडल्याची गोष्ट आहे. महूच्या वाटेवर शिपायांकडून बंडाची कुणकुण लागते, तरी दोघे मागे फिरत नाहीत. याला शौर्य म्हणावं का? मला तर त्यात कर्ज दिसतं. रिकाम्या हाताने परत जाणं हेही त्यांना बंडाइतकंच कठीण होतं.

या पुस्तकाची अलीकडे इंग्रजी भाषांतरं झाली. एकाने शीर्षकात 'अ‍ॅडव्हेंचर्स' हा शब्द घेतला, म्हणजे साहसं. दुसऱ्याने 'ट्रॅव्हेल्स' असा शब्द घेतला, पण तो प्रवासाचा नव्हे, कष्ट-हालअपेष्टांचा. गंमत अशी, की इंग्रजीतला प्रवासाचा शब्द त्या हालांच्या शब्दातूनच निघालेला आहे. आपल्याकडेही तेच. 'प्रवास' शब्दात 'वस्' धातू आहे, घरापासून दूर राहणं हा त्याचा अर्थ. आणि 'साहस'? धर्मशास्त्रात व्यवहाराची, म्हणजे खटल्यांची, जी अठरा पदं सांगितली आहेत, त्यांतलं एक 'साहस' आहे. अर्थ, बळजोरीने केलेला गुन्हा. आज जाहिरातीत मिरवणारा हा शब्द एके काळी न्यायाधीशापुढे उभा राहत होता.

मग भटजींचे हाल कोणत्या क्षणी साहस झाले? ते १८५८ मध्ये वेढ्याच्या वेळी झाशीत होते. शहर पडलं तेव्हाची कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली. त्या वेळी त्यांना आपण साहस करतोय असं वाटलं असेल, असं पुस्तकातून मुळीच दिसत नाही. तहान, भीती, लपायची जागा, कनवटीचे पैसे, एवढंच दिसतं. ही हकीकत लिहिली गेली ती वीसेक वर्षांनंतर, वैद्य यजमानांच्या सांगण्यावरून. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ मध्ये, भटजी गेल्यावर, बरेच फेरफार करून छापली. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये समोर आणला. म्हणजे साहस हे जिवंत परतलेल्या माणसाने घरी बसून सांगितल्यावर तयार होतं. जे परतले नाहीत त्यांची पुस्तकं नाहीत. पेशा निवडताना आपण फक्त परतलेल्यांचं ऐकत असतो, हे ध्यानात ठेवा.

आता हिशेब. भटजी ज्या यज्ञासाठी निघाले तो बाजूलाच राहिला. वाटेत मिळवलं ते लुटलं गेलं. चित्रकूट, अयोध्या, काशी करून ते गंगेची कावड घेऊन परतले. धन फारसं हाती लागलं नाही. तरी मधली अडीच-तीन वर्षं ते जगले कशावर? जिथे गेले तिथे अनुष्ठान, पूजा, दक्षिणा. पैसा लुटता येत होता, विद्या लुटता येत नव्हती. या पुस्तकातून पेशाबद्दल मिळणारा हा पहिला धडा. प्रवासाने त्यांना पोसलं नाही. हातातल्या कामाने पोसलं, आणि त्या कामानेच प्रवास घडवला.

पण इथेच थांबलो तर ती टीका होणार नाही, आरती होईल. भटजींची ही विद्या कुणालाही शिकता येत होती का? नाही. ती जन्माने मिळणारी होती. आणि त्यांच्यासाठी दारं उघडत होती ती कुणाची? ग्वाल्हेरला शिंदे, झाशीला नेवाळकर, बिठूरला पेशवे. सगळीकडे मराठी दरबार, मराठी ब्राह्मणांची घरं, पंगतीत पान. देश इतका हिंडूनही त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना फारशा हलल्या नाहीत. देशाटनाने शहाणपण येतं असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. भटजींची नजर विलक्षण आहे, पण बरंचसं शहाणपण ते घरून घेऊन निघाले आणि तसंच परत घेऊन आले.

त्याच काळात याच देशात दुसरे प्रवासी होते. लांब कशाला, आपल्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी बघा. संत सेवालाल महाराजांचं स्थान, बंजारा समाजाची काशी. या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा लदेणीचा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे मुलूखच्या मुलूख ओलांडत, फौजांना रसद पुरवत. साहस म्हणाल तर भटजींच्या कितीतरी पट. पण १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, मग रूळ आणि पक्के रस्ते पसरत गेले आणि बैलांची लदेणी संपत गेली. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. काही प्रांतांत बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. ज्या फिरण्यावर पोट होतं, तेच फिरणं संशयाचं कारण ठरलं. कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

एकाच रस्त्यावरचे हे दोन प्रवासी. एकाला यजमान मिळतो, दुसऱ्याला पोलीस चौकी. फरक धाडसात नव्हता. फरक होता तो पुढच्या गावात दार कोण उघडतं यात. आणि लदेणीकडून शिकायची गोष्ट ही, की ज्या साधनावर धंदा उभा आहे ते साधन काळ बदलू शकतो. तेव्हा बैल गेले. आज काय जाईल, हे विचारायलाच हवं.

म्हणून तरुणांना मी तीन प्रश्न देतो. एक, लुटलं जाणार नाही असं माझ्या हातात कोणतं काम आहे? वेल्डिंग, नर्सिंग, इंजिनाची दुरुस्ती, भाषा. काहीही चालेल, पण काम हवं. 'मला फिरायला आवडतं' ही आवड आहे, काम नव्हे. दोन, तिथे दार कोण उघडणार? करार कुणाशी, विमा कुणाचा, अडचणीत फोन कुणाला? जहाजावर जायचं असेल तर संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का आणि भरती करणाऱ्याकडे त्यांचा परवाना आहे का, हे आधी तपासा. शेत गहाण ठेवायचा विषय त्यानंतर. तीन, मी बाहेर असताना घर कोण सांभाळणार? भटजींच्या पुस्तकात हे तिसरं उत्तर जवळजवळ नाहीच. वरसईत मागे राहिलेल्यांनी ती वर्षं कशी काढली, यावर पुस्तक गप्प आहे. मला ती त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. जगातल्या बहुतेक साहसकथांचीही तीच उणीव आहे.

तीनही उत्तरं मिळाली, तर जरूर जा. बापांनाही सांगतो, मग अडवू नका. आणि उत्तरं नसताना जो 'जग बघायला मिळेल' एवढंच सांगून फी मागतो, त्याला भटजींचा हिशेब विचारा : गेलेले परत किती आले, आणि काय घेऊन आले?