उसना लौकिक

फ्रान्समधील 'तूर द फ्रान्स' या सायकल-शर्यतीत स्वारांच्या पुढे जाहिरातदारांच्या मोटारींचा तांडा चालतो. १९३० साली आंरी देग्रांज यांनी कारखानदारांचे संघ दूर सारून राष्ट्रीय संघ आणले, तेव्हा खर्च भागविण्यासाठी ही प्रथा पडली. तीत दोष काढण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या असणाऱ्या प्रेक्षकास तिकीट पडत नाही. ते कोणीतरी भरलेच पाहिजे.

या तांड्यात 'कोशोनू' नावाचे सॉसेज विकणारी मंडळी तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांनी रंगविलेल्या जुन्या सित्रोएन टू सी. व्ही. मोटारी आणतात. त्या दिसताच आबालवृद्धांच्या मुखावर हसू उमटते. हे हसू मात्र सॉसेजने कमावलेले नव्हे. दोन शेतकरी व ५० किलो बटाटे नेता यावेत, नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतील अंडी फुटू नयेत, या हेतूने आखलेली ती गाडी १९४८ साली लोकांपुढे आली व १९९० पर्यंत तयार होत राहिली. तिचा लौकिक सेवेतून आलेला आहे.

वकिली भाषेत बोलावयाचे तर येथे फसवणूक नाही. साक्षीदार खरा आहे, परंतु त्याची साक्ष भलत्याच मुद्द्यावर घेतली जात आहे. गाडी स्वतःच्या साधेपणाची ग्वाही देईल, सॉसेजच्या गुणाची कशी देणार? जत्रेतील रथ कितीही शृंगारलेला असो, आपण हात जोडतो ते आत कोण विराजमान आहे हे पाहून. ग्राहकानेही गाडीस मनमुराद दाद द्यावी. माल मात्र जिभेनेच पारखावा.