गायतोंडेंचा कागद

वासुदेव गायतोंडे म्हटलं की आधी आकडा येतो: २०१३ साली मुंबईतल्या लिलावात एका कॅनव्हासला मिळालेले २३ कोटी ७० लाख. आकडा झाला की मौन. झेन, निसर्गदत्त महाराज, दिल्लीत एकटा राहणारा, फारसं न बोलणारा माणूस. मीही बरीच वर्षं त्यांच्या चित्रांसमोर देवळात शिरल्यासारखा उभा राहायचो. कागदावरच्या कामांनी ती सवय मोडली.

१९८४मध्ये त्यांना अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हासशी झटणं काही वर्षं बंद पडलं. म्हणजे नुसता आकार लहान झाला असं नाही, कामाची अख्खी रीत गेली. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग चढवायचा, काढायचा, थांबायचं, पुन्हा चढवायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. त्या रीतीत मागे फिरायला जागा होती. शाईला ती नाही. कागदानं शाई प्यायली की प्यायली.

त्या काळातलं शाईचं एक काम माझ्या फोनमध्ये आहे. शीर्षक अर्थातच नाही. काळे, जाड-बारीक फटकारे आणि भोवती मोकळा कागद. अक्षरं वाटतात, पण वाचता येत नाहीत. मी आधी देवनागरी शोधली, मग मोडी, मग चिनी. (हा माझाच बावळटपणा. 'अमूर्त' हा शब्दही ज्यांना नको होता, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे, त्यांच्याकडे मी मजकूर मागत होतो.) शोध सोडला तेव्हा हात दिसला. कुठे दाबला, कुठे उचलला, कुठे घाई केली. हे मौन नाही. बऱ्याच दिवसांनी बोलायला लागलेल्या माणसाचा आवाज असतो ना, थोडा खरखरीत, तसं काहीतरी आहे.

या कामांना दोन कॅनव्हासांमधला विसावा समजणं मला पटत नाही. सगळी सारखी चांगली नाहीत, काही नुसती देखणी आहेत, हात बसवायला काढल्यासारखी. पण चांगल्यांत जी जोखीम आहे, ती त्यांच्या थरांच्या चित्रांत मला क्वचितच जाणवते.

गंमत म्हणजे फोनवर त्यांचे कॅनव्हास मरतात, थरांमधून येणारा उजेड स्क्रीनवर उतरतच नाही. शाई मात्र तग धरते. पुढे ते कॅनव्हासकडे परतले. ती चित्रं समोर आली की मी आता उजेड नंतर बघतो, आधी तो फटकारा शोधतो.