भरलेली पानं, मुका भिडू

वारज्यात आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये रविवारी ब्रिजची दोन टेबलं लागतात. मंडळी बहुतेक लाडीस आणि तीनशे-चारवर वाढलेली; त्यामुळे खेळ पक्का, बोली कच्ची. सगळ्यात कच्ची कुठे, तर पानं भरभरून येतात तिथेच.

परवाचा डाव घ्या. इस्पिकचा एकटा एक्का, बदामचे एक्का-राजा आणि तिर्री, किलवरचा राजा आणि दुर्री, शिवाय एक्का ते गुलाम धरून चौकटची सात पानं. एक्क्याचे 4, राजाचे 3 अशा उतरत्या मोजणीने 24 पॉइंट. अख्ख्या कॅटमध्ये असतात 40. बोली झाली ती अशी : 2 किलवर (म्हणजे पानं भारी), 2 चौकट, 3 चौकट, 3 नो ट्रम्प, पास. हात झाले तेरा! भिडूकडे किलवरचा एक्का नि बदामची राणी होती. मिळाले 520 गुण. 7 नो ट्रम्पला 1520 मिळाले असते.

लगेच एकाने फर्मावलं, ‘प्रिसिजन पद्धत खेळा, भारी पानांना 1 किलवर म्हणा.’ हा सल्ला जुनाच. 1925 मध्ये कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवणाऱ्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टनेच भारी पानांसाठी 1 किलवर राखून ठेवलं होतं. सी. सी. वेईंच्या प्रिसिजनवर तैवानचा संघ 1969 मध्ये बर्म्युडा बाउलच्या अंतिम फेरीत पोचला. हिशेबही बिनतोड : एकूण बोली 35, त्यांत 1 किलवर पहिली आणि 2 किलवर सहावी. पानं जितकी भारी, तितकं खालून सुरू करा, म्हणजे बोलायला जागा उरते.

पण ही जागा फुकट मिळत नाही. 16 पॉइंटांनाच 1 किलवर म्हटलं की प्रतिस्पर्धी इस्पिकची फुटकळ पानं घेऊन मध्ये घुसतात आणि वाचवलेली जागा खाऊन टाकतात. शिवाय आमच्या डावात मूळ प्रिसिजनही अडखळलंच असतं. 1 किलवरला 1 चौकट हा नकार आला, की पुढची 2 चौकट भिडू सोडून देऊ शकतो. म्हणजे 24 पॉइंटवाल्याने उडी मारायची थेट 3 चौकटवर. आलो की नाही फिरून तिथेच?

माझ्या मते पद्धतींच्या या भांडणात हलकी पानं धरणारा नामानिराळा राहतो. जकार्तात 2018 च्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्ण मिळवलं, ते दोघांनी मिळून. आपल्याकडे मात्र भारी पानंवाल्यालाच नवरदेव समजतात. 2 किलवरसमोर एक एक्का नि एक राणी म्हणजे घबाड. भिडूने 3 नो ट्रम्पऐवजी 4 चौकट म्हटलं असतं, तर पुढे ब्लॅकवुडने एक्के विचारता आले असते. एरवी ऊठसूट विचारतात, तो भाग वेगळा.

भिडूला हे सांगितलं, तर तो चहा ओतता ओतता म्हणाला, ‘‘अहो, सहाच तर पॉइंट होते माझ्याकडे!’’