ड्रेड स्कॉट निकालांतील इतिहासाचें प्रामाण्य

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ड्रेड स्कॉट प्रकरणीं ता. ६ मार्च १८५७ रोजीं दिलेल्या निकालाची चर्चा कायदेपंडितांनीं पुष्कळ केली आहे. आम्ही त्याकडे इतिहासलेखन म्हणूनच पाहणार आहों. कारण सरन्यायाधीश टॉनी यांनीं नागरिकत्वाच्या प्रश्नाचा सारा भार एका ऐतिहासिक विधानावर ठेविला आहे. राज्यघटना झाली त्या काळीं आफ्रिकी वंशाचा मनुष्य, दास असो वा स्वतंत्र, घटनेंतील 'जनतें'त गणला जात नव्हता. सबब त्याच्या वंशजांस नागरिक या नात्यानें संघन्यायालयांत दाद मागतां येत नाहीं, असें तें विधान होय. स्कॉटचा धनी, लष्करी डॉक्टर इमर्सन, त्याला इलिनॉय या दास्यमुक्त राज्यांत व पुढें फोर्ट स्नेलिंग येथें घेऊन गेला होता. त्या आधारें १८४६ पासून तो मुक्ततेसाठीं झगडत होता.

आतां टॉनी यांचीं प्रमाणें पाहूं. मेरीलँडचा १७१७ चा व मॅसॅच्युसेट्सचा १७०५ चा, असे मिश्रविवाहाविरुद्धचे दोन जुने निर्बंध त्यांनीं पुढें केले आहेत. त्यांवरून गोऱ्यांच्या मनांतील तिरस्कार सिद्ध होतो. नागरिकत्वाचा अभाव नव्हे. स्त्रियांस व अज्ञानांस मताधिकार नसला तरी तीं नागरिकच, हें तर टॉनी स्वतःच मान्य करितात.

विरुद्ध मत देणारे न्या. कर्टिस यांनीं मात्र दप्तर धुंडाळिलें. राज्यसंघाचें पहिलें करारपत्र मंजूर झालें तेव्हां न्यू हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी व नॉर्थ कॅरोलिना या पांच राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांस, इतर पात्रता असल्यास, मत देतां येत असे. याहून मोलाचा पुरावा ता. २५ जून १७७८ च्या काँग्रेसच्या कामकाजांतील आहे. करारपत्राचें चौथें कलम 'स्वतंत्र रहिवाशां'स सर्व राज्यांत नागरिकांचे हक्क देत होतें. त्या दोन शब्दांमध्यें 'गोरे' हा शब्द घालावा, अशी सूचना साउथ कॅरोलिनाच्या प्रतिनिधींनीं आणिली. दोन राज्यें अनुकूल, आठ प्रतिकूल, एकाचीं मतें दुभंगलेलीं, सूचना पडली. सभेनें जाणूनबुजून नाकारलेला हा शब्द सुमारें ऐंशी वर्षांनीं टॉनी यांनीं घटनेंत वाचला! असला अर्थ एखाद्या बखरकारानें केला असता तर आपण त्यास क्षमा केली नसती.

कर्टिस यांची उपपत्तिहि निर्दोष नाहीं. जन्मसिद्ध रहिवाशांपैकीं नागरिक कोण, हें त्यांनीं ज्या त्या राज्यावर सोडिलें. मग राज्यानेंच नाकारल्यास त्या मनुष्यानें कोठें जावें? हें छिद्र १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनें बुजविलें. स्कॉट त्यापूर्वींच, १८५८ सालीं, वारला होता.