तोंड कोणाचे, गाणे कोणाचे? : युअन मॅक्कॉलच्या निमित्ताने

दलितेतराला दलितांचे दुःख लिहिता येईल काय, हा प्रश्न आपल्या चर्चासत्रांतून इतक्या वेळा चघळला गेला आहे की त्यातला रस संपला असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. एवढेच की आपण हा प्रश्न कथा, कादंबरी आणि आत्मकथन यांच्यापुरता विचारला, गाण्याच्या बाबतीत फारसा विचारला नाही. पुस्तकावर लेखकाचे नाव छापलेले असते. गाणे एकदा लोकांच्या तोंडी बसले की नाव गळून पडते. वामनदादांची किती गाणी वस्त्यांतून त्यांच्या नावावाचून गायिली जातात, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. या दृष्टीने मी इंग्लंडमधील गीतकार-गायक युअन मॅक्कॉल याच्याकडे पाहू इच्छितो. त्याने हा पेच आयुष्यभर अंगावर घेतला, काही ठिकाणी सोडवला आणि काही ठिकाणी आणखी गुंतवून ठेवला.

त्याचे मूळ नाव जेम्स हेन्री मिलर. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड या गिरण्या-कारखान्यांच्या गावात १९१५ साली त्याचा जन्म झाला. बाप लोखंड ओतणारा कामगार, आई लोकांच्या घरची साफसफाई करणारी, दोघेही स्कॉटलंडहून आलेले समाजवादी. घरात गाणी होती, पैसा नव्हता. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती ऐन मंदीत. पुढे बेकारी, कम्युनिस्ट युवक संघटना आणि रस्त्यावरची प्रचारनाट्ये. लाल बावटा कलापथकाच्या शाहिरांनी आपल्याकडे कामगार वस्त्यांत जे केले, त्याच जातीचे हे काम होते. ब्रिटिश गुप्तचर खात्याने त्याच्यावर पाळत ठेवली, यात नवल नाही.

२४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटच्या पठारावर काहीशे तरुण कामगार मालकांची बंदी मोडून चढले. ती माळराने सरदार-उमरावांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. पाच जणांना तुरुंगवास झाला. या मोहिमेच्या प्रसिद्धीचे काम सतरा वर्षांच्या जिमी मिलरकडे होते आणि त्यातूनच त्याचे ‘मँचेस्टर रँबलर’ हे गाणे जन्मले. ही हकिकत वाचताना आपल्याला १९२७ चा महाड आठवणे स्वाभाविक आहे. पण तुलना इथेच थांबवावी असे माझे मत आहे. किंडरवर चढलेल्याचा प्रवेश अडवला होता, त्याचा स्पर्श नव्हे. तो उतरून गावात आला की कोणत्याही नळाचे पाणी पिऊ शकत होता, आणि तो चढला म्हणून ते पठार कोणी गोमूत्राने शुद्ध केले नाही. वर्गाच्या लढ्याची गाणी आपली म्हणताना हा फरक विसरणारे मित्र आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

१९४० मध्ये तो सैन्यातून पळाला. युद्धानंतर युअन मॅक्कॉल हे अस्सल स्कॉटिश नाव धारण करून तो जोन लिटलवूडसोबत थिएटर वर्कशॉपमध्ये नाटके लिहू लागला. ‘डर्टी ओल्ड टाउन’ हे सॅलफर्डवरचे गाणे १९४९ मधल्या अशाच एका नाटकातले. नाव बदलण्याबद्दल त्याला पुष्कळ हिणवले गेले, कारण पुढे लंडनच्या आपल्या क्लबात यानेच नियम घातला की गायकाने आपल्याच भाषेतले, आपल्याच मुलखातले गाणे गावे. इंग्रज पोरांनी अमेरिकन खाणकामगाराचा आव आणू नये, हे त्याचे म्हणणे. मला या नियमात हेकटपणा दिसतो, तसा अर्थही दिसतो. स्वतःच्या गल्लीची लाज वाटणाऱ्या माणसाला तो सांगत होता की तुझ्या गल्लीतही गाणे आहे. सांगणाऱ्याचे नाव उसने होते, म्हणून सांगणे खोटे ठरत नाही.

परंतु त्याचे खरे मोठे काम १९५८ ते १९६४ या काळातले आहे. चार्ल्स पार्कर हा बीबीसीचा निर्माता, अमेरिकन गायिका पेगी सीगर आणि मॅक्कॉल या तिघांनी आठ ‘रेडिओ बॅलड’ केले. पहिला जॉन ॲक्सन या इंजिन ड्रायव्हरवर. १९५७ मध्ये उतारावर वाफेची नळी फुटून ब्रेक निकामी झाले, तरी हा माणूस इंजिन सोडून गेला नाही आणि त्यात मेला. त्या काळी रेडिओवर कामगाराचे बोलणे लिहून घेत आणि नटाकडून वाचून घेत. या मंडळींनी टेपरेकॉर्डर घेऊन ॲक्सनच्या सहकाऱ्यांना बोलते केले आणि ध्यानात आले की त्या बोलण्याच्या तोडीचे कोणत्याही नटाला जमणार नाही. मग तेच आवाज कार्यक्रमात ठेवले आणि गाणी त्यांच्याभोवती रचली. प्रमाण इंग्रजीच्या त्या मंदिरात फायरमनची, कोळसेवाल्याची बोली निवेदकाच्या मध्यस्थीवाचून शिरली. आपल्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणाऱ्या मास्तरांच्या हाताखाली जे शिकले, त्यांना या घटनेचे मोल समजावून द्यावे लागणार नाही.

हेरिंग मासेमारांवरच्या ‘सिंगिंग द फिशिंग’ (१९६०) मध्ये नॉरफोकचा वृद्ध कोळी सॅम लार्नर बोलतो. त्याच्या बोलण्यातून मॅक्कॉलने ‘शोल्स ऑफ हेरिंग’ रचले. पुढे आयर्लंडमध्ये ते ‘शोअर्स ऑफ एरिन’ म्हणून गायिले जाऊ लागले, जणू पिढ्यान्‌पिढ्यांचे लोकगीत. कोणत्याही शाहिराला याहून मोठे पारितोषिक नाही. पण मला इथे खटकते ते असे : गाणे लोकांचे झाले, तरी कागदोपत्री कवी मॅक्कॉलच राहिला. शब्दांची खाण सॅम लार्नरची, नाव कारागिराचे. कारागिरी खोटी नव्हती, ती फार वरच्या दर्जाची होती. तरीही संग्राहकाच्या आणि ज्याचे संग्रहण होते त्याच्या दरम्यान असलेली ही दरी अशी सहज बुजत नाही.

शेवटचा बॅलड ‘द ट्रॅव्हलिंग पीपल’ (१९६४) जिप्सी आणि भटक्यांवरचा. १९६० च्या कायद्याने त्यांच्या गाड्या उभ्या करण्याच्या जागा बंद होत चालल्या होत्या. त्यातल्या ‘मूव्हिंग ऑन साँग’मध्ये रस्त्याकडेला मूल जन्मते आणि अंमलदार बाळंतिणीला पुढे हो म्हणतो. हे कल्पनेने रचलेले दुःख नाही, टेपवर बोललेल्या बायकांचे आहे. कार्यक्रमाच्या अखेरीस बर्मिंगहॅमचा एक नगरपिता ऐकू येतो. न सुधारणाऱ्यांचा नायनाटच करावा लागत नाही काय, अशा अर्थाचा प्रश्न तो अगदी शांत, सभ्य आवाजात करतो. त्यावर गाणे नाही, भाष्य नाही. ज्या राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये आपल्याकडे जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि सोलापुरात माणसांना तारेच्या कुंपणात कोंडले, त्यांच्या मायभूमीतला हा आवाज. भटक्यांनी ती गाणी आपली म्हणून स्वीकारली, हे खरे आहे. आपल्याकडे मात्र ‘उपरा’ १९८० मध्ये आणि ‘उचल्या’ १९८७ मध्ये त्या कुंपणाच्या आतल्या हातांनी लिहिले. मधला टेपरेकॉर्डर तिथे नव्हता, आणि हा फरक केवळ दर्जाचा नाही.

त्याच्या वैगुण्यांबद्दल थोडक्यात. स्टॅलिनची आरती ओवाळणारे पोवाडे त्याने लिहिले. त्यात ना माणूस आहे ना टेपवरचा आवाज, नुसती घोषणा आहे. पेगीसाठी १९५७ मध्ये लिहिलेले साधे प्रेमगीत रोबर्टा फ्लॅकच्या आवाजात १९७२ मध्ये जगभर गाजले. क्रांतिगीते लिहिणाऱ्याला प्रेमगीताने कीर्ती द्यावी, यात मला विसंगती वाटत नाही. आपल्या शाहिरांनीही मैनेची विरहगीते गायिली आहेत. १९८४-८५ च्या खाणकामगार संपात सत्तरीतला हा माणूस नवी गाणी घेऊन उभा होता. १९८९ मध्ये तो वारला.

बीबीसीने ‘द ट्रॅव्हलिंग पीपल’नंतर ही मालिका बंद केली आणि १९७२ मध्ये पार्करला नोकरीवरून काढले. त्याने जमवलेल्या टेपा आज बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात आहेत. गाण्यात न आलेले तास न्‌ तास बोलणे त्यांत साठलेले आहे : कोळी, खाणकामगार, पोलिओने अंथरुणाला खिळलेली माणसे, तंबूत बाळंत झालेल्या बाया. मॅक्कॉलची गाणी मला आवडतात, परंतु निवड करायचीच झाली तर मी आधी त्या टेपा मागेन.