बालपणाचे दुःख : ‘मी’ आणि ‘आम्ही’

लेखकाचे खडतर बालपण त्याच्या साहित्यात कसे उतरते, हा प्रश्न समीक्षेत बहुधा अनुभवाच्या अंगाने विचारला जातो. अनुभव दारुण, म्हणून लेखन प्रत्ययकारी, असा कार्यकारणसंबंध त्यात गृहीत धरलेला असतो. वस्तुतः तो अनुभव कोणत्या सर्वनामाने बोलतो हे ठरल्याखेरीज त्यास साहित्यरूप प्राप्त होत नाही. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या अखंड प्रदेशातील दोन भिल्ल लेखक या दृष्टीने तुलनीय आहेत.

राजेंद्र भारूड यांचा जन्म १९८८ साली साक्री तालुक्यातील सामोडे येथे झाला. जन्मापूर्वीच वडील निवर्तले होते. आई मोहाची दारू विकून घर चालवी. रडणाऱ्या तान्ह्या मुलाला गप्प करण्यासाठी त्याच्या तोंडात दारूचे थेंब घातले जात, आणि पुढे गिऱ्हाइकांना खाण्याचे जिन्नस आणून दिल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांतून तो पुस्तके घेई, अशा आठवणी त्यांनी सांगितल्या आहेत. अक्कलकुव्याचे नवोदय विद्यालय, मुंबईचे वैद्यकीय महाविद्यालय आणि भारतीय प्रशासन सेवा असा त्यांचा पुढील प्रवास झाला. २०१४ साली ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले.

शीर्षकातील ‘मी’ हा या जीवनकथेचा कणा होय. अशा कथेत दारिद्र्य ही ओलांडावयाची पायरी ठरते आणि वाचक तिच्याकडे शिखरावरून पाहू लागतो. परंतु वर उल्लेखिलेल्या आठवणी या चौकटीत पुरत्या बसत नाहीत. ज्या दारूने बाळाचे रडणे थांबविले, तिच्याच गिऱ्हाइकांच्या पैशांतून पुस्तके आली. येथे दुःखाचे कारण आणि सुटकेचे साधन एकच आहे. आई, गिऱ्हाईक, वस्ती यांना वजा करून हा ‘मी’ उभा राहू शकत नाही.

शहादे तालुक्यातील वाहरू सोनवणे यांची भूमिका याहून निराळी आहे. १९७० नंतरच्या दशकात त्या भागात सालदारी व बळकावलेल्या जमिनी यांविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिच्यात ते कार्यकर्ते होते. ‘गोधड’ (१९८७) हा त्यांचा काव्यसंग्रह. ‘स्टेज’ या त्यांच्या कवितेत दुःख भोगणारे खाली बसतात व इतर लोक मंचावरून त्यांचेच दुःख त्यांना सांगतात. कविता ‘आम्ही’ या सर्वनामाने बोलते. मराठीत ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. हा व्याकरणातील भेद येथे नैतिक भेद होतो: सहानुभूती दाखविणारा वाचकही आपोआप आतला ठरत नाही.

म्हणून दोहोंपैकी एकास श्रेष्ठ ठरविणे अप्रस्तुत होय. भारूड यांचे आत्मकथन निव्वळ स्पर्धापरीक्षेची प्रेरणा म्हणून वाचल्यास, त्याच वस्तीतील ज्या मुलांना विद्यालयाचे दार उघडले नाही ती वाचकाच्या दृष्टीआड होतात. ‘मी’च्या कथेमागील ‘आम्ही’ ऐकू येईल, असे वाचन करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. बालपणाचे दुःख लेखकाला घडविते खरे. पण ते कोणाचे दुःख म्हणून वाचले जावे, याची जबाबदारी वाचकावरही येते.